पहिली धार

हस्तिनापुराच्या राजवाड्यात दाई म्हणून नेमणूक होणं ही कुंभारवाड्यातल्या बाईसाठी सात पिढ्यांत न घडलेली गोष्ट होती, आणि म्हणूनच की काय, यात कुठेतरी काहीतरी चूक झाली असावी, असं अरणीला पहिल्या दिवसापासून वाटत राहिलं. तशी शंका तिच्या पाचवीलाच पुजलेली. मुलगी झाली तेव्हा सुईणीनं पोर हातात दिल्यावर ‘ही माझीच ना?’ असं तिनं विचारलं होतं. ‘नाही बाई, येताना वाटेत सापडली,’ असं सुईणीनं म्हटल्यावर सगळी आळी हसली, पण अरणीला पुढे चार दिवस चैन पडलं नव्हतं. मुलीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. ती टिटवीसारखी ओरडे म्हणून तिचा बाप उल्मुक तिला टिटवी म्हणायचा आणि तेच रूढ झालं.

महाराणींची हकीकत नगरात तोंडोतोंडी झाली होती. दोन वर्षं वाहिलेला गर्भ, शेवटी बाहेर आलेला मांसाचा एक घट्ट गोळा, मग ऋषींनी त्यावर गार पाणी शिंपडून केलेले अंगठ्याएवढाले तुकडे, आणि एकेक तुकडा तुपानं भरलेल्या एकेका कुंभात. दोन वर्षं कुंभ उघडायचे नाहीत. मग शंभर राजपुत्र. ज्याला हे ठाऊक नसे तो कुंभारवाड्यात येऊन विचारून जाई, कारण कुंभ तिथेच भाजले होते. तुकडे करताना शंभरावर एक जास्तीचा निघाला, तेव्हा धावतपळत राजवाड्याचा माणूस आला होता आणि उल्मुकनं उरल्यासुरल्या मातीचा एक बुटका कुंभ त्याला करून दिला होता. तो आता राजवाड्यात कुंभांच्या दालनाच्या दाराशी, रांगेच्या बाहेर, वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला होता आणि नेमका तोच अरणीच्या वाट्याला आला.

दायांना बोलावलं ते कुंभ भरल्याला वर्ष झाल्यावर. खरं म्हणजे अजून वर्षभर काम नव्हतं, पण एखादे राजपुत्र आपल्या मर्जीनं आधीच अवतरले तर दूध शोधत कुठे फिरायचं, असा अमात्यांचा विचार. अंगावर पाजतं मूल असलेल्या बाया निवडल्या. लेकरं सोबत आणायची, त्यांची सोय अंगणापलीकडच्या बाळघरात. दिवसातून चार वेळा दासी लेकरं घेऊन येत, पाजून झालं की घेऊन जात. बाकी वेळ कुंभाशेजारी बसायचं, निवडणं-टिपणं करायचं, आणि कुंभ एकटा सोडायचा नाही. सगळ्यांवर देखरेख बलाका मावशीची. मावशी उंच, पांढऱ्या केसांची, एका पायावर भार टाकून तासन् तास उभी राहायची. तिनं पहिल्याच सकाळी नियम सांगितला.

‘पहिली धार कुंभाची, मग लेकराची. कुंभाच्या तोंडावरच्या फडक्यावर धार पडली पाहिजे. आतल्याला कळायला नको का, आपलं माणूस कोण ते?’

नियम साधा होता. तो अरणीनं पहिल्याच खेपेला मोडला. टिटवी दालनात आली तीच आकाशपाताळ एक करत, शंभर बायांनी माना वळवल्या, आणि त्या गडबडीत अरणीनं तिला सरळ छातीशी लावलं. अर्धं पोट भरल्यावर तिला कुंभ आठवला. तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. मग उरलेल्यातली धार फडक्यावर काढून ती मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी चूक सुधारता आली असती. पण टिटवी दुसऱ्या दिवशीही ओरडली, तिसऱ्याही, आणि चूक एकदा खपली की तिची सवय व्हायला वेळ लागत नाही.

शेजारच्या कुंभावर तुंगा होती, रथकाराची बायको. तोंडाची टकळी अशी की मावशीसुद्धा तिच्यापुढे हात टेकायची. तिचा मुलगा गोटा नावाप्रमाणेच गुटगुटीत.

‘चावतो मेला,’ तुंगा वस्त्र बाजूला करून दाताचे वळ दाखवायची. ‘बाप तसा लेक. तुझ्या पोरीचं काय गं, बोंब मारण्यापुढे काही शिकली का?’

‘शिकेल. तुझा बसायला लागला की नाही? की नुसताच लोळतो?’

‘राजाचं अन्न अंगी लागलंय, बाई. लोळणारच.’

असे चार महिने गेले. मग एका दुपारी दासी गोट्याला घेऊन तुंगेसमोर उभी राहिली आणि तुंगा मान खाली घालून जव निवडत राहिली.

‘अगं, पोराला घे ना,’ अरणी म्हणाली.

‘मी धार काढलीय,’ तुंगा म्हणाली. ‘अंग मोकळं झालंय माझं. याला दुसरी कुणीतरी बघा.’

‘दुसरी कशाला? गोटा आहे तो! तुझा!’

तुंगेनं वर पाहिलं. मुलाकडे पाहून ती गोड हसली, जशी कुणाच्याही मुलाकडे पाहून हसली असती. ‘तुझं आपलं काहीतरीच. मला कुठलं मूल?’

अरणीला वाटलं, थट्टा असेल. तुंगा थट्टेखोर होतीच. पण दासी जराही दचकली नाही, काही बोललीही नाही. जणू आज नाही तर उद्या हे व्हायचंच होतं अशी ती शांतपणे वळली आणि मुलाला घेऊन निघून गेली. अरणीला तुंगेच्या बोलण्यापेक्षा ते न दचकणं जास्त लागलं.

तिनं बलाका मावशीला गाठलं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

‘तुंगेचं पोर इथे यायच्या आधीच गेलेलं,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘दुःखानं ती दुसऱ्याच कुणाचं तरी आपलं म्हणत होती. आता सावरलीय. तू खपली काढू नकोस.’

अरणीला ते पटलं. न पटायला काय झालं? मावशी म्हातारी, जग पाहिलेली, आणि आपण कोण, तर सुईणीवरही संशय घेणाऱ्या. ती आपल्या जागेवर येऊन बसली. जव निवडता निवडता तिला ते दाताचे वळ आठवले. मग मात्र तिचे हात थांबले, आणि बराच वेळ ती समोरच्या शंभर पाठींकडे एकेक करून बघत राहिली.

तुंगेनंतर तिच्यापलीकडची शारी, शारीनंतर पुढच्या रांगेतल्या तिघी. दर दोन-चार दिवसांनी एखादीसमोर दासी उभी राही, एखादी हसून मान हलवी, आणि दासी वळे. कुणी रडत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. दालनात उलट आनंदी वातावरण होतं. बाया कुंभांना गोंजारत, आपापल्या राजपुत्राचं नाक कसं असेल यावर वाद घालत. दासींची रांग आखडत गेली. बाळघरातून येणारं रडणंही विरळ होत गेलं, मग थांबलं. नाकळती पोरंसुद्धा रडायचं कधी सोडतात, असा प्रश्न अरणीला पडला आणि त्याचं उत्तर सुचलं तसं तिनं ते मनातून झटकून टाकलं.

आधी तिचा संशय पेजेवर गेला. दूध वाढावं म्हणून जवाच्या पेजेत शतावरी घालत, आणि शतावरीबरोबर आणखी काय घालत ते कोण सांगणार? आठ दिवस तिनं पेज गुपचूप वाळूत ओतली. नवव्या दिवशी तिला भोवळ आली, दूध आटलं, टिटवीनं दालन डोक्यावर घेतलं, आणि पलीकडची शारी मात्र वाडगा चाटून पुसून ढेकर देत म्हणाली, ‘आमच्या आळीत एका बाईला असंच भलतंसलतं वाटायचं. तिला शेवटी बांधून ठेवावं लागलं.’ अरणीनं मुकाट्यानं पेज प्यायला सुरुवात केली. त्यानंतर तिनं धुपावर संशय घेतला, मग मावशीच्या हातातल्या काठीवर, आणि सरतेशेवटी स्वतःवर. एक बाई शहाणी आणि शंभर वेड्या असं कुठे असतं का? असलंच तर उलटं असायचं.

एकदा धीर करून तिनं तुंगेलाच विचारलं. ‘मूल नाही म्हणतेस. मग तुला दूध कुठून आलं, तुंगे?’

तुंगेचा हात सुपात थबकला. ते पाहून अरणीला आशा वाटू लागली. तुंगेच्या भुवया जवळ आल्या, ओठ हलले.

‘कुंभासाठी आलं,’ ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पुन्हा स्वच्छ झाला. ‘पाऊस आला की कुठून आला विचारतेस का कधी? शेतासाठी येतो तो.’

त्याच आठवड्यात मावशी अरणीच्या कुंभाशी येऊन उभी राहिली.

‘तुझ्या कुंभावर माश्या बसतात, अरणी.’

‘दाराशी आहे ना, मावशी. म्हणून.’

‘असेल.’ मावशीनं दुसऱ्या पायावर भार घेतला. ‘धार नीट काढत जा.’

ती गेल्यावर अरणीनं आपल्या कुंभाचं फडकं पाहिलं. दूध नासून त्यावर पिवळे, कडक डाग पडले होते, आंबूस वास येत होता. साहजिकच होतं, दुधाचं दुसरं काय होणार? मग तिनं तुंगेच्या कुंभाकडे पाहिलं. फडकं पांढरं, कोरडं, आताच घडी मोडल्यासारखं. त्यापलीकडचं तसंच, त्याच्यापलीकडचंही. दुपारी तिनं मुद्दाम टक लावून पाहिलं. तुंगेनं धार काढली, फडक्यावर ओला ठिपका उमटला, आणि पाणी तापल्या वाळूत जिरावं तसा आत जिरून गेला. फडकं वरून किंचित खाली ओढल्यासारखं झालं, इतकंच.

त्या दिवसापासून अरणी रोज सकाळी आपलं फडकं धुऊ लागली. पहिली धार मात्र तिनं टिटवीचीच ठेवली. पहिल्या धारेचा बायांच्या विसरण्याशी काही संबंध आहे, असं ती मनातसुद्धा स्पष्ट म्हणत नव्हती. म्हटलं असतं तर मूर्खपणाचं वाटलं असतं. ती फक्त रोज उठल्यावर स्वतःशी घोकत असे: मला मुलगी आहे, तिचं नाव टिटवी, कुंभ फुटले की तिला कडेवर घ्यायचं आणि घरी जायचं.

पौर्णिमेला सकाळी घरच्या माणसांना राजवाड्याच्या देवडीशी येऊन भेटायची मुभा होती. सुरुवातीला तिथे जत्रा भरायची. नवरे, सासवा, दिरांची पोरं. आता एकटा उल्मुक उभा होता, नखांत माती घेऊन.

‘बाकीचे कुठे?’ अरणीनं विचारलं.

‘काय की. रथकाराला वाटेत म्हटलं, चल, पोराला बघून येऊ. तर म्हणतो, कुणाच्या?’ उल्मुक हसला. ‘सकाळीच लावून बसला होता वाटतं.’

अरणी हसली नाही. ‘तुला आठवते ना ती?’

‘कोण?’

अरणीनं त्याचं मनगट पकडलं.

‘टिटवी होय? न आठवायला काय झालं! मागल्या खेपेला माझी मिशी उपटलीन की नाही?’ त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. ‘काय झालंय तुला?’

‘मी विसरले तर?’

‘तू?’ उल्मुक मोठ्यानं म्हणाला, तसा पहारेकरीही वळून बघू लागला. ‘अगं, चूल विझवली का बघायला तू तीनदा अर्ध्या वाटेवरून परत फिरतेस. तू काय विसरतेस! दोन महिने काढ. मग तू, मी नि टिटवी, घरी.’

अरणीला बरं वाटलं. आपल्या चिंतेखोर स्वभावाचा कुणाला तरी उपयोग आहे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

कुंभ फोडायचा मुहूर्त जवळ आला तेव्हा महाराणी स्वतः दालनात आल्या. डोळ्यांवरची पट्टी घट्ट बांधलेली, हात किंचित पुढे. त्या एकेका कुंभाच्या गळ्यावर बोटं ठेवत, त्याच्या दाईला काहीतरी हळूच विचारत, पुढे सरकत होत्या. अखेरीस त्या दाराशी आल्या.

‘हा बुटका आहे.’

‘होय, महाराणी. उरलेल्या मातीचा आहे,’ अरणी म्हणाली.

‘यात मुलगी आहे.’ त्यांची बोटं कुंभाच्या गळ्यावर तशीच राहिली. ‘पुत्र सगळ्यांनी मागितले. ही मी मागितली, मनातल्या मनात.’ मग त्यांनी तोंड अरणीच्या दिशेला वळवलं. ‘तुला आहे का मूल?’

मागे बलाका मावशी उभी होती. अरणीनं एकदा तिच्याकडे पाहिलं. ‘आहे. मुलगी आहे.’

पट्टीखाली महाराणींचे डोळे दिसत नव्हते, तरी त्या आपल्याला पाहताहेत असं अरणीला वाटलं.

‘शंभर जणी नाही म्हणाल्या,’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काळजी होती. ‘मग हिला कोण पाजणार?’

पहिला कुंभ फुटला त्या दिवशी नगारे वाजले, आणि भर दुपारी नदीपलीकडे कोल्हे ओरडले. मग रोज चार-पाच कुंभ. राजपुत्र आपापल्या दायांच्या छातीशी बिलगून दालनाबाहेर जात आणि दाया त्यांच्याबरोबर मोठ्या महालात, वळूनही न पाहता. तुंगा गेली तेव्हा अरणीनं तिला हाक मारली. तुंगेनं मान डोलावली, नवीन ओळखीच्या बाईला डोलवावी तशी.

एकशे एकाव्या कुंभाच्या दिवशी नगारे नव्हते. वाजंत्रीवाले आदल्या दिवशीच जेवून गेले होते. पुरोहितांनी दारातूनच दोन अक्षता टाकल्या. फुटक्या खापरांनी भरलेल्या त्या रिकाम्या दालनात मावशी आणि अरणी, दोघीच. मावशीनं काठीच्या टोकानं कुंभाला चीर पाडली. तूप वाळूत पसरलं आणि त्यात मुलगी निघाली. पिवळसर, लहान, पापण्या चिकटलेल्या. रडली ती फार बारीक आवाजात.

मावशीनं तिला पुसून अरणीच्या मांडीवर ठेवलं. ‘मी काही म्हणणार नाही,’ ती म्हणाली. ‘तुझं दूध, तुझी मर्जी.’

‘दुसरी कुणी नाही का?’

‘शंभर राजपुत्रांना शंभर. हिच्यासाठी कुणी नेमलंय, तर तूच.’

‘आधी माझी टिटवी येऊ दे,’ अरणी म्हणाली. ‘तिचं झालं की हिला देते.’

‘बरं,’ मावशी म्हणाली आणि एका पायावर भार टाकून उभी राहिली.

दासी येण्याची वेळ झाली, टळून गेली. मोठ्या महालात मेजवानी चालली होती. दासी तिकडे असणार. उठून बाळघरात जावं तर मांडीवर ही. खाली ठेवावं तर खाली नुसती खापरं. झरोक्यातलं ऊन भिंतीवरून उतरून वाळूवर आलं. मुलीचं रडणं आधी तुटक झालं, मग थांबलं. आता ती नुसती तोंड उघडत होती आणि मिटत होती, काहीही न मागता, आपल्याला कुणी काही देणार आहे हेच ठाऊक नसल्यासारखी. अरणीनं मान फिरवली. पण अंगाला मान नसते. छातीवरचं वस्त्र आपोआप भिजलं.

‘एकदाच,’ ती मावशीला म्हणाली, की स्वतःला. ‘आणि मी नाव घेत राहणार.’

‘घे की,’ मावशी म्हणाली.

तिनं मुलीला छातीशी लावलं. ते इवलंसं तोंड इतक्या ओळखीनं बिलगलं की अरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. टिटवी, ती मोठ्यानं म्हणाली. घोट गेला. टिटवी. घोट गेला. टिटवी, टिटवी. बाहेर कुठेतरी लोक हसत होते. ऊन उबदार होतं. टिटवी. महिनोन् महिने ताणून धरलेले तिचे खांदे हळूहळू खाली आले, आणि किती वेळानं कोण जाणे, तिच्या ध्यानात आलं की आपण मघापासून नदीकाठच्या एका पाखराचं नाव घेत बसलोय. तिला स्वतःचंच हसू आलं. बाळाला झोपवायला माणूस काय काय पुटपुटतं.

‘हलकं वाटतंय?’ मावशीनं विचारलं.

‘हो, मावशी. उगाचच कसलातरी घोर लागला होता.’

राजकन्या तृप्त होऊन झोपली होती. मावशीनं तिला नव्या रेशमात गुंडाळून दिलं आणि अरणी तिला घेऊन मोठ्या महालाकडे निघाली. अंगणात बाळघराचं दार उघडं होतं; उन्हात बरीच मुलं बसली होती, कुणी मातीत रेघोट्या काढत, कुणी नुसतीच. मुलं गुणी दिसत होती. एकही आवाज करत नव्हतं. त्यातली एक उठली. नुकतंच चालायला लागलेलं पाऊल, पडत, सावरत, दोन्ही हात वर करून ती सरळ अरणीकडे आली, तिच्या वस्त्राचा शेव मुठीत धरला आणि ‘आई’ म्हणाली. मग आणखी मोठ्यानं ओरडली, इतकं कर्कश की रेशमातली राजकन्या चाळवली.

अरणी पटकन खाली वाकली. मूठ भलतीच घट्ट होती. एका हातानं राजकन्येला सावरून तिनं दुसऱ्या हातानं ती चिमुकली बोटं एकेक करून सोडवली, दुखणार नाहीत अशी, अगदी हळुवार.

‘सोड हं, बाळा,’ ती म्हणाली. ‘रडायचं नाही. येईल हं तुझी आई.’